ट्रायलवरचं मशीन

रवींद्रचा फोन वाजला. पूर्ण आवाजात, कारण तो कमी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बहिऱ्या माणसाचा फोन, चढवता येईल तितका चढवलेला, फ्रिजवर चार्जिंगला लावून ठेवलेला, आणि तो गेल्यापासून एकदाही न वाजलेला. प्रमोदिनीच्या हातातला चमचा सिंकमध्ये पडला. गॅलरीतली कबुतरं उडाली. आपण हा फोन रोज का पुसतो, मुलीला, नीरजाला, न सांगता त्याचा रिचार्ज का केला, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. नंबर बंद पडला की तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात असं तिने ऐकलं होतं. उद्या आपण चुकून तो नंबर लावला आणि पलीकडून एखादा पोरगा हॅलो म्हणाला तर. एवढंच. हात पदराला पुसत तिने फोन घेतला आणि सवयीने कानापासून लांब धरला.

"रवींद्र दामले सर बोलतायत का?"

"मी त्यांची मिसेस बोलतेय."

"मॅम, मी श्रिया, ठाण्याच्या हिअरिंग क्लिनिकमधून. सरांचं ट्रायलचं मशीन अजून रिटर्न नाही आलेलं. ट्रायल पीरियड संपून गेलाय ना, तर सिस्टमने फुल बिल जनरेट केलंय. मेसेज पाठवलेले आपण."

"कुठलं मशीन?"

"कानाचं, मॅम. ते छोटंवालं, एकदम आत बसतं ते. बाहेरून दिसत पण नाही. डिसेंबर एंडला घेऊन गेलेले ना सर."

"ते वारले."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मागे कुणीतरी हसत होतं, कपबश्या वाजत होत्या. मग कीबोर्ड पुन्हा सुरू झाला.

"ओह. सॉरी, मॅम. मग मशीन कोण आणून देईल?"

डिसेंबर एंडला. चहा उकळून काळा झाला तरी ती ओट्याशी उभीच होती. डिसेंबरअखेर म्हणजे नाताळची सुट्टी, नीरजा मुलांना घेऊन दोन दिवस आली होती तेव्हा. आणि तो गेला संक्रांतीच्या आधी, पहाटे, झोपेतच, उठवायला गेली तर हात गार. मधले ते दिवस. त्या दिवसांत रवींद्रच्या कानात मशीन होतं? आत, खोल, बाहेरून दिसत पण नाही असं? म्हणजे त्याला ऐकू येत होतं?

मेसेज होते. तिने ते कधी उघडलेच नव्हते. प्रिय ग्राहक. खाली रक्कम होती, एक जुनी स्कूटर येईल इतकी, पण तिची नजर रकमेवर ठरली नाही. ती वरच्या ओळीवर, ट्रायल सुरू, आणि पुढे तारीख. भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून काढलं नव्हतं. त्या तारखेवर दुधाचा खाडा मांडला होता, दुसरं काही नाही. पण त्याच आठवड्यात कधीतरी तो दुपारी बँकेत जाऊन येतो म्हणाला होता आणि दिवेलागणीला परतला होता, हातात सुतरफेणीचा पुडा. बँकेच्या रस्त्यावर सुतरफेणी कुठे मिळते? तेव्हा ती चिडली होती. एवढा वेळ? फोन कशाला दिलाय? तो नेहमीसारखा हो हो म्हणाला असेल.

की नव्हता म्हणाला?

हो हो. रवींद्रच्या बहिरेपणाचा आवाज हा होता. मानपाड्याच्या एमआयडीसीत, पॉवर प्रेसच्या खात्यात त्याची सगळी नोकरी गेली. पत्र्यावर पत्रा, धाड धाड, आणि कानात तिने समईच्या वातींसाठी आणलेल्या कापसाचे बोळे. कंपनीने दिलेले कानटोप गरम होतात म्हणून खुंटीला. संध्याकाळी घरी आला की तो बोळे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, करड्या रंगाचे, तेलकट, आणि ती ते केरात टाकायची. मग हळूहळू बोळे काढले काय नि न काढले काय. आधी दाराची बेल गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग नीरजाचा फोनवरचा आवाज, मग तिचा. तिचा आवाज नेमका कधी गेला ते त्याने सांगितलं नाही. हो हो म्हणत राहिला. भाजी संपली. हो हो. पाणी उद्या येणार नाहीये. हो हो. तुमच्या बहिणीचा फोन होता, त्या पडल्या. हो हो. त्या दिवशी तिला कळलं. कानामागे लावायचं एक मशीन त्याने मध्यंतरी वापरून पाहिलं होतं, ते शिट्टी मारायचं. ते शोकेसमध्ये गेलं, नीरजाच्या शाळेतल्या ढालीशेजारी. आणि गणपतीच्या देवळाच्या हॉलमध्ये मोफत तपासणीचं शिबिर झालं, याच ठाण्याच्या क्लिनिकचं, तेव्हा ती त्याला ओढत घेऊन गेली. त्याच्या कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तो दाबतच सुटला. ती तपासणारी मुलगी म्हणाली, अहो काका, आवाज आल्यावर दाबायचं, मी अजून काही वाजवलंच नाही. तो तिच्याकडे बघून म्हणाला हो हो, आणि परत दाबलं. हॉलमधल्या बायका हसल्या. प्रमोदिनीही हसली. मग त्या मुलीने डबी उघडून आतलं मशीन दाखवलं, सोललेल्या वालाएवढं, तसंच गुळगुळीत. तो मान हलवून उठला. घरी आल्यावर म्हणाला, मला काय कमी ऐकू येतं?

त्याचं ऐकणं गेलं तसं तिचं बोलणं वाढलं, ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. कुणाला असणार? घरात दोघंच. आधी ती ओरडून बोलायची, घसा दुखायचा, खालच्या मजल्यावरून विचारायचे, काकू, भांडण झालं का? मग तिने ओरडणं सोडलं. मग एका दुपारी त्याच्यासमोर बसून, अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशी ती काहीतरी बोलली, आणि तो पेपर वाचत राहिला. तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त बोलली. तो समोर असायचा, जिवंत, उबदार, खोकणारा, आणि त्याच्यात काहीही टाकलं तरी ते कुठेही लागत नव्हतं. बाहेर ती कमी बोलणारी बाई म्हणून ओळखली जायची. घरात तिच्या तोंडाला खळ नव्हता. लग्नानंतर इतकी वर्षं तिने त्याला अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. आता मनातलं बोलताना ती त्याला अरे म्हणायला लागली. अरे रवींद्र, तुला आठवतं का रे. तू तेव्हा असा का वागलास रे. तो पान उलटायचा. तिला त्या अरेची चटक लागली, उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडून नुसतं उभं राहावं तशी.

आणि शेवटच्या आठवड्यात, वाल सोलताना, ती म्हणाली होती

नाही. ते आत्ता नको. ती कपाटाशी गेली. आधी मशीन सापडू दे. शर्टांचे खिसे, चष्म्याची घरं, औषधांचा डबा, दाढीचं सामान. सोबत पिवळ्या स्टिकरच्या बॅटऱ्यांची पाकिटं दिल्याचं मेसेजमध्ये होतं. एकही पिवळं स्टिकर नाही. उशीचा अभ्रा. गादीखाली जुन्या लग्नपत्रिका, त्या त्याने का ठेवल्या होत्या कोण जाणे. बूट. बुटात वाळक्या मोज्याची कड, एक खिळा. मशीन घरात नाही. मग ते कुठे असेल याचं उत्तर तिला कपाटासमोर वाकलेलीच असताना मिळालं आणि ती तशीच जमिनीवर बसली. त्याला न्यायच्या आधी घड्याळ काढलं होतं. अंगठी साबण लावून काढली होती. चष्मा, कवळीही. जानवं तसंच ठेवलं. कानात कुणी पाहिलं?

"अगं आई, काय विचारतेस हे?" नीरजा घोडबंदरला राहते, फोनमध्ये तिच्या ऑफिसचा एसी घुमत होता. "बाबांच्या कानात कापूस कुणी घातला म्हणजे? मला काय माहीत? बहुतेक सुदेशदादाने. का?"

"असंच."

"असंच कसं? आई, तू जेवतेस ना नीट? ये ना इकडे चार दिवस. नाही म्हणजे, या शनिवारी आमचं थोडं हे आहे, पण पुढच्या…"

"त्यांनी कानाचं मशीन घेतलं होतं, नीरू. ट्रायलवर."

"बाबांनी? शक्यच नाही. फ्रॉड असेल. ओटीपी दिला नाहीस ना कुणाला? आई? हे बघ, कुणालाही पैसे देऊ नकोस. कम्प्लेंट टाक. मी संध्याकाळी करते फोन."

संध्याकाळी फोन आला नाही. सुदेश समोरच्याच दारात राहायचा, कल्याणच्या कोर्टात कारकून, कुणाच्याही घरात कुणी गेलं की बांबू आणण्यापासून पुढचं सगळं तोच बघायचा. ती त्याच्या दारात उभी राहिली तेव्हा तो बनियनवर होता, आणि घाईने टॉवेल खांद्यावर घेत म्हणाला, "या ना काकू, आत या. चहा टाकू?"

"सुदेश, तू यांच्या कानात बोळे घातलेस ना, तेव्हा बोटाला काही लागलं का?"

"काय लागायचं?"

"काही टणक. आत."

आत टीव्हीवर कुणीतरी जोरजोरात भांडत होतं. "काकू," तो हळू म्हणाला, "त्या वेळी कोण बघतं हो कानात. दोन्ही नाकपुड्या, दोन्ही कान, झालं. मी तर बघतच नाही चेहऱ्याकडे. इतक्यांचं केलंय, पण बघत नाही." मग काहीतरी बरं बोलावं म्हणून तो म्हणाला, "शांत होते हो काका. अगदी ऐकत पडल्यासारखे."

कापूस. तिनेच काढून दिला होता, समईच्या वातींचा. म्हणजे कापसाच्या आत मशीन, मशीन चालू, आणि बॅटरी आठवडाभर तरी चालते. मग तिने त्याच्या उशाशी बसून काय काय म्हटलं ते. बायका काय म्हणाल्या ते. बरं झालं, लोळत पडले नाहीत. आता हिची सुटका. आणि जिन्यातून उतरताना खांदेकरी एकमेकांना सांगत होते, डावीकडून, डावीकडून, पाय वर घे. त्या वालाएवढ्या मशीनने ते सगळं आत, मोठं करून, नेऊन टाकलं असणार, आणि आत कुणी नव्हतं. हे एक. पण आधीचं? आधी आत माणूस होता.

आपल्या सेवेसाठी आम्ही तत्पर आहोत. मराठीसाठी एक दाबा. तिने एक दाबलं. हिंदीत एक मुलगा बोलला, मॅडम, अकाउंट होल्डर से बात करनी पडेगी. ती म्हणाली, वो नहीं हैं. कब तक आ जाएँगे? ती म्हणाली, डेथ हो गया. त्याने डेथ सर्टिफिकेट ईमेलवर पाठवायला सांगितलं आणि मशीन तुटलेलं असेल तर तुकडे, तुकडे कंपल्सरी आहेत म्हणाला. ती हसली. तिला स्वतःच्याच हसण्याची भीती वाटली. तुकडे कुठून आणू रे बाबा. होल्ड कीजिए. मग संगीत, बासरी, तीच तीच चार सुरांची, आणि मध्ये एक गोड बाई: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. ती स्टुलावर बसली. बासरी. समोर खिडकी, बंद. ती खिडकी रवींद्रने कधी उघडू दिली नाही. रात्री कंपन्या वास सोडतात, तो म्हणायचा, आणि खरंच सोडायच्या, कुजक्या अंड्यांसारखा. पण उकाड्यातसुद्धा बंद, पंख्याखाली दोघं, त्याच्या अंगाला येणारा तेलाचा वास. इतक्या वर्षांत तिला एक साधी गोष्ट हवी होती, खिडकी उघडी टाकून झोपायचं. आणि तेच ती बोलली होती, शेवटच्या आठवड्यात, वाल सोलताना. तू आधी गेलास तर बरं होईल रे. मग मी एकदा खिडकी उघडी टाकून झोपेन. इतकंच बोलली. हसत बोलली, दाणा सालातून निसटला तसं निसटलं. आणि तो चारच दिवसांनी

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"हॅलो," ती बासरीला म्हणाली. "मला एवढंच सांगा, ते मशीन लावल्यावर हळू बोललेलं ऐकू येतं का? समोर बसून बोललेलं. पंखा चालू असताना." बासरी वाजत राहिली. "माझं म्हणणं असं की, तो आधी जाऊ दे असं मी म्हटलं, पण ते तसं नव्हतं. त्याच्याआधी मी गेले असते तर त्याला पिठाचा डबा सापडला नसता. तसं होतं ते. थोडं तसं. थोडं खिडकीचं." रेकॉर्ड केला जात आहे. कुठे असेल ते रेकॉर्ड? कुणी ऐकत असेल? मग फोन कट झाला आणि मेसेज आला. आपली तक्रार नोंदवली गेली आहे.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना, तिला त्याची खुर्ची आठवली. खुर्ची गॅलरीत असायची, ऊन खायला. शेवटच्या दिवसांत त्याने ती ओढत स्वयंपाकघराच्या दारात आणली होती. तिने विचारलं होतं खुणेने, काय? तो म्हणाला होता, थंडी आहे बाहेर. डोंबिवलीत कसली थंडी. आणि दुसरं: तो हो हो म्हणायचा थांबला होता. तिच्या लक्षात आलं होतं, पण तिने त्याचं नाव अशक्तपणा ठेवलं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्यालाच हो हो म्हणावं लागतं. ज्याला येतं तो गप्प बसू शकतो. तोंडात पेस्टचा फेस घेऊन ती आरशासमोर उभी राहिली. मग तो खुर्ची घेऊन दारात बसला होता, ते मी बोलते ते ऐकायला? सगळं ऐकून, खिडकीचं ऐकून, मला अरे म्हणताना ऐकून, एक शब्द न बोलता?

आणि मग वाल. त्या दुपारी तोही सोलत होता. खुर्चीवरून वाकून मूठभर वाल स्वतःपुढे ओढून, जाड बोटांनी दाबायचा, दाणा सुळकन निसटून लांब जायचा आणि तो तो शोधायचा. खिडकीचं बोलून झाल्यावर ती थांबली नव्हती. थांबायचं कारणच नव्हतं. बोलता बोलता ती त्या बाळाकडे गेली होती. नीरजाच्या आधीचं, कल्याणच्या हॉस्पिटलात झालेलं आणि संध्याकाळपर्यंत नसलेलं. रवींद्र तेव्हा पाळीवर होता. तो आला तोवर सगळं आवरलेलं. त्याने ते पाहिलं नाही, विचारलं नाही, मुलगा की मुलगी तेही सासूबाईंनी सांगितलं असेल तेवढंच. बारसं न झालेल्याला नाव नसतं. पण तिने ठेवलं होतं. कुणाला न सांगता, कॉटवर, भिंतीकडे तोंड करून. त्या दुपारी, वालांच्या सालांच्या ढिगापलीकडे, ते पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर आलं. मी त्याचं नाव शौनक ठेवलं होतं रे. आज पन्नाशीकडे आला असता. टक्कल पडलं असतं तुझ्यासारखं.

आणि रवींद्रची बोटं थांबली होती. एक दाणा धरलेला, अर्धवट सोललेला. थांबली होती. होती ना? तिने तेव्हा पाहिलं होतं की आता ती ते पाहत होती? बोटं थांबली, मग त्याने तो दाणा सोलला, आणि परातीत टाकण्याऐवजी तिच्यापुढे ठेवला.

त्या दिवसापासून ती मशीन शोधायची थांबली. एक विचित्र हलकेपणा तिच्या अंगात आला. बाजारात गेली, पावटे घेतले, भाजीवालीशी नको इतकं बोलली. खिडकीचं त्याने ऐकलं असेल तर ऐकलं असेल. त्याची बोच होतीच, कुसळासारखी, पण तिच्याशेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. शौनक हे नाव आता फक्त तिचं नव्हतं. जगात आणखी एका माणसाने ते ऐकलं होतं, कानात, खोल, मोठं करून. तो ते घेऊन गेला. शिबिरात बायका हसल्या, तरी तो एकटाच ठाण्याला गेला होता, तिच्यासाठी गेला होता, न सांगता, आणि येताना सुतरफेणी आणली. तिने ठरवलं, बिल भरायचं. नीरजाला सांगायचं नाही. बँकेतली ठेव मोडायची. बिल हा पुरावा होता. तिच्याजवळ असलेला एकमेव. मेसेज ती पुनःपुन्हा उघडून पाहायची. ट्रायल सुरू.

मग रवींद्रचा फोन वाजला, पूर्ण आवाजात.

"मॅम, श्रिया बोलतेय. गुड न्यूज आहे. तुमची कम्प्लेंट क्लोज झालेली आहे. ते बिल चुकून झालेलं. सरांच्या नावावर मशीन इश्यूच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी घेतलंच नव्हतं, मॅम. एंट्री मिस्टेक. आता झीरो दिसेल तुम्हाला."

"पण तुम्हीच म्हणालात, सर घेऊन गेले. डिसेंबर एंडला."

"ते सिस्टममध्ये तसं दिसत होतं ना."

"तुम्ही पाहिलंत ना त्यांना? उंच होते. डोक्याला टक्कल. तपकिरी स्वेटर."

"मॅम, मी जानेवारीत जॉईन झाले." मग ती समजुतीने म्हणाली, "मॅम, तुम्हाला काही पे नाही करायचंय."

"मला करायचंय," प्रमोदिनी म्हणाली.

ती टॅक्सीने गेली. शिळफाट्यावरून, मुंब्र्याच्या डोंगराच्या कडेने, कळव्याच्या पुलावर खाडी राखाडी पडलेली. मांडीवर पर्स, पर्समध्ये चेकबुक, फोन दोन्ही. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, मावशी, एसी वाढवू का? तिला ऐकू येत होतं, पण उत्तर द्यावंसं वाटलं नाही. ठाण्यातलं क्लिनिक एका मिठाईच्या दुकानावर होतं. जिन्याशी ती थांबली. काचेत सुतरफेणीची ताटं. ती बराच वेळ त्या ताटांकडे बघत उभी राहिली, कुणी साक्षीदार भेटावा तशी. मग वर गेली.

मॅनेजर सर्वेश नावाचा मुलगा होता, तिशीचा, दाढी कोरलेली, गळ्यात कार्ड. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. "आजी, लोक इथे बिल कमी करा म्हणून भांडायला येतात. तुम्ही पहिल्याच."

"माझ्या मिस्टरांनी मशीन घेतलं होतं. तुमचीच नोंद आहे. ते आमच्याकडून हरवलं. त्याचे पैसे घ्या."

"नाही घेतलं हो, आजी." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगू का, महिनाअखेरीला ट्रायलचं टार्गेट असतं आम्हाला. मग कॅम्पला आलेल्या लोकांच्या नावावर टाकतात एंट्री. चार दिवसांनी रिटर्न दाखवायची. जुनी मुलगी होती, ती नोकरी सोडून गेली, रिटर्न दाखवायची राहून गेली. बस इतकंच झालं. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी. खरंच सॉरी."

"ते इथे आले होते. खालून सुतरफेणी घेतली त्यांनी."

"खाली सगळेच घेतात."

"त्यांना ऐकू येत होतं," ती म्हणाली. बाहेर बसलेल्या माणसांनी वळून पाहिलं. "शेवटचे दिवस त्यांना ऐकू येत होतं. तुम्ही काही म्हणा. ते हो हो म्हणायचे थांबले होते."

सर्वेश उठला, आतल्या कपाटातून एक पांढरं खोकं घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवलं. खोक्यावरचा नंबर आणि तिच्या मेसेजमधला नंबर त्याने बोट ठेवून तिला दाखवला. तोच. मग त्याने खोकं उलटं केलं. सील अखंड होतं. "बघा आजी. उघडलेलं पण नाही. कुणाच्याच कानात गेलेलं नाही हे."

झाकणाला छोटी पारदर्शक खिडकी होती. आत ते होतं, सोललेल्या वालाएवढं. ती बघत राहिली. बोटं थांबली होती. एक दाणा पुढे ठेवला होता. खोक्याचं सील अखंड होतं. ही तिन्ही वाक्यं तिच्या डोक्यात शेजारी शेजारी उभी राहिली आणि कुठलंच मागे सरेना. मग पहिली दोन हळूहळू, न भांडता, मागे सरली. तो नाव घेऊन गेला नव्हता. नाव इथेच होतं, तिच्याजवळ, भिंतीकडे तोंड करून.

"आजी, एक करू या," सर्वेश म्हणाला. त्याला कुणीतरी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आठवलं असावं. "त्रास झाला म्हणून आमच्याकडून तुमची कानाची टेस्ट फ्री. दहा मिनिटं. आलाच आहात तर."

ती नाही म्हणाली नाही. घरी जायची घाई नव्हती. जाड दाराची खोली होती, भिंतींना राखाडी स्पंज, काचेची एक चौकट आणि पलीकडे सर्वेश. त्याने तिच्या कानांवर हेडफोन बसवले, केस बाजूला करून, हळुवारपणे. तिला कुणी हात लावून बरेच दिवस झाले होते. हातात वायर असलेलं बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार लागलं. मग सगळं गेलं. रस्ता गेला, मिठाईचं दुकान गेलं, एसी गेला. इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. कानात कापूस घातल्यावर कसं असतं ते तिने कधी घालून पाहिलंच नव्हतं. तो इथे राहत होता तर. या खोलीत. तिच्यासमोर बसून, वर्षानुवर्षं, ती बोलत असताना, आणि काचेपलीकडे तिचे ओठ हलताना पाहत. तिचे ओठ हलतायत एवढं त्याला दिसत असणारच. मग त्याने खुर्ची जवळ आणली. ऐकायला नाही. बघायला.

तिने बटण दाबलं.

सर्वेशने मान वर केली. तिने परत दाबलं. हेडफोनमध्ये खरखर झाली आणि त्याचा आवाज आला, अगदी जवळ, डोक्याच्या आत: "आजी, मी अजून काहीच वाजवलेलं नाही." मग खरखर थांबली, माईक बंद ठेवून तो पलीकडे काहीतरी समजावत राहिला, हातवारे करत, हसत, ओठ हलत होते, एकही शब्द इकडे येत नव्हता. ती त्या ओठांकडे टक लावून पाहत होती.

"हो हो," प्रमोदिनी म्हणाली, आणि परत बटण दाबलं.